भीमा-सीनाकाठच्या ग्रामसभांनो, लिलावाआधी आपली वाळू आपण मोजा

करमाळा, माढा, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांतल्या नदीकाठच्या सगळ्या गावकऱ्यांना रामराम.

असं पत्र कलेक्टरसाहेबांना लिहायची पद्धत आहे. निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. ते मीही करून बसलोय. हे पत्र मात्र तुम्हाला लिहितोय, कारण मला जे मागायचंय त्यासाठी वरून आदेश यायची वाट बघावी लागत नाही. एक लेव्हलची नळी, एक डबा ऑइलपेंट आणि ग्रामसभेतला अर्धा तास, एवढ्यात भागतं.

आधी माझी ओळख, म्हणजे कबुलीजबाबच. मी सोलापुरात घरं बांधतो. मोठा बिल्डर नव्हे. गुंठा-दीड गुंठ्यातली घरं, वरचा मजला चढवणं, जुन्या घराला स्लॅब, असली कामं. सव्वीस वर्षं झाली. हजार चौरस फुटाच्या घराला पायापासून प्लास्टरपर्यंत माझ्या हिशेबानं बारा ते पंधरा ब्रास वाळू जाते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शंभरावर घरं झाली. म्हणजे तुमच्या नदीतली हजार-दीड हजार ब्रास वाळू मी एकट्यानं भिंतीत घातली. त्यातल्या प्रत्येक ब्रासची पावती माझ्याकडे होती असं मी शपथेवर सांगणार नाही. रात्री अडीचला हायवा, म्हणजे वाळूचा मोठा ट्रक, येतो, गल्लीतली कुत्री उठतात, पंधरा मिनिटांत माल ओतून गाडी निघून जाते. त्या वेळी पावती मागणारा ठेकेदार मी तरी अजून पाहिलेला नाही.

माझ्याकडे एक म्हातारे गवंडी होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. गाडी रिकामी झाली की मामा ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, आतली मूठ बाहेर काढायचे, दोन्ही तळहातांत चोळायचे आणि झटकून हात बघायचे. हात स्वच्छ राहिला की म्हणायचे, "भीमेची हाय, पसरा." मातकट डाग राहिला की बाटली आणायला लावायचे. बाटलीत वाळू, पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवायची आणि सावलीत ठेवायची. तासाभरानं वाळूच्या वर गाळाचा थर किती बसला ते बोटानं मोजायचे. सुरुवातीच्या वर्षांत बाटली क्वचितच लागायची. पुढेपुढे दर गाडीला लागायला लागली आणि थर एका बोटाचा दोन बोटं झाला. काम सोडायच्या वर्षी मामा एकदा ढिगाकडे बघत म्हणाले, "मालक, ही वाळू न्हाई, नदीच्या बुडाची खरवड हाय."

दुधाच्या भांड्याची खरवड निदान गोड लागते.

माझं मूळ गाव सीनेकाठी. मी लहान असताना उन्हाळ्यात नदी कोरडी दिसायची, पण ती कोरडी नसायची. आजी घागर घेऊन पात्रात जायची, वाळूत हातभर झिरा उकरायची आणि वाटीनं पाणी भरायची. गार आणि काचेसारखं. पलीकडच्या अंगाला टरबुजाच्या वाड्या असायच्या, वाळूतच. आज त्या जागी उभं राहिलं तर पायाखाली काळा खडक लागतो, दोन खड्ड्यांत हिरवट पाणी असतं आणि बाकी पात्रभर वेड्या बाभळी. वाळू गेली, माती उरली आणि मातीला बाभळीनं धरलं. काठावरच्या आमच्या विहिरीला पूर्वी मे महिन्यातही मोटरीला पुरेल एवढं पाणी असायचं. आता फेब्रुवारीतच बुडातले दगड दिसायला लागतात.

याचं गणित मी ठेकेदाराच्या पद्धतीनं मांडतो. वाळूच्या कणाकणांत पोकळी असते, ढोबळमानानं पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे भिजलेल्या एका ब्रासमध्ये सातशे ते नऊशे लिटर पाणी मावतं. वरची वाळू सुकली की खालच्या पाण्याला ऊन लागत नाही, म्हणून आजीच्या झिऱ्याला वैशाखातही पाणी असायचं. पाच ब्रासचा एक हायवा पात्रातून बाहेर पडला की चार हजार लिटरची एक टाकी गेली, असं समजा. दर पावसाळ्यात फुकट भरणारी, झाकण असलेली टाकी. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसाच्या मुलखात माणसं टाक्या विकत घेतात आणि आपण विकतोय.

"पुढच्या पुरात येईल की परत," हे वाक्य मी प्रत्येक गावच्या पारावर ऐकलंय. एके काळी ते खरंही होतं. मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांचं पाणी घेऊन भीमा खाली यायची आणि पाण्याच्या तळातून वाळू सरकत यायची. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. एवढ्या मोठ्या, संथ पाण्यात शिरली की जाड वाळू तिथंच खाली बसते. दरवाजे उघडले की खाली पूर येतो, गढूळ पाणी येतं, बारीक गाळ येतो. जाड वाळू धरणाच्या पोटात राहते. उजनीच्या खाली नरसिंहपूरला नीरा मिळते, पण तिच्या खोऱ्यात वीर, भाटघर आणि नीरा देवघर ही धरणं आहेत. सरकोलीजवळ माण मिळते. ती वर्षातले बहुतेक महिने कोरडी, आणि तिच्या वाळूवर वरच्या गावांपासूनच सगळ्यांचा डोळा. सीनेवर कोळेगावचं धरण आहे. शिवाय आपला दगड काळा पाषाण. तो झिजून आधी मुरूम होतो, मग काळी माती. त्यातून बांधकामाची जाड वाळू सुटायला किती पिढ्या जात असतील ते नदीलाच माहीत.

तेव्हा उजनीच्या खालच्या गावांच्या पात्रात आज जी वाळू आहे ती मुद्दल आहे. व्याज येणं धरणानंतर जवळजवळ थांबलं. शाश्वत विकास हा शब्द भाषणात ऐकला की माझं लक्ष उडतं, पण पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळून खाऊ नये, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

मुद्दल किती शिल्लक आहे ते कुणी मोजलंय? कागदावर मोजलंय. २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून प्रत्येक जिल्ह्याला एक जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. कुठल्या नदीत, कुठल्या गावाच्या हद्दीत किती वाळू, किती उपसता येईल, सगळं त्यात असतं. पाच वर्षांनी तो नव्यानं करायचा असतो. अंतिम करण्याआधी मसुदा २१ दिवस लोकांसाठी खुला ठेवायचा असतो, हरकती घ्यायच्या असतात. पुढे पर्यावरण मंजुरी आणि लिलाव याच अहवालाच्या जोरावर चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुनर्भरणाचा अभ्यास नसलेला असा अहवाल ग्राह्य धरता येणार नाही. पुनर्भरण म्हणजे पारावरचंच वाक्य: पुढच्या पुरात किती परत आली?

आता खरं सांगा, हा मसुदा तुमच्या गावात कुणी वाचला? वाचण्यावरून आठवलं. भीमा आणि सीना जिथं मिळतात त्या हत्तरसंग-कुडलला संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणती होते. त्यात लिहिलंय, "वाछि तो विजेया होइवा", जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी आपल्याच संगमावर कुणीतरी दगडात कोरून ठेवलं आणि आपण २१ दिवसांत एक पीडीएफ उघडत नाही. मीही उघडली नव्हती. पहिल्यांदा उघडली तेव्हा आमच्या गावाचं नाव शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे: आपल्या हद्दीतली वाळू वर्षातून दोनदा मोजा. एकदा १ मेच्या ग्रामसभेआधी, एकदा २ ऑक्टोबरच्या. तारखा आयत्याच पावसाळ्याच्या दोन्ही अंगांना आहेत.

पद्धत गवंड्याची आहे. तुमच्या गावाजवळ के.टी. (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा असेल, पूल असेल, निदान घाटाच्या पायऱ्या तरी असतीलच. त्यातला न हलणारा एक दगड किंवा खांब धरा आणि त्यावर ऑइलपेंटची आडवी रेघ मारा. प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, काढताना आम्ही वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, मधला बुडबुडा काढून टाका. बुडबुडा राहिला तर सगळं माप खोटं, हे लक्षात ठेवा. एकानं रेघेपाशी टोक धरायचं, दुसऱ्यानं पात्रातून वीस-वीस पावलांवर थांबत पलीकडच्या काठापर्यंत जायचं. प्रत्येक जागी नळीतल्या पाण्याच्या पातळीपासून वाळूपर्यंत टेपनं माप घ्यायचं. काठापासून काठापर्यंत पंधरा-वीस आकडे होतात. ते ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा, खाली हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. बंधाऱ्याच्या वर आणि खाली, अशा दोन ओळी घेतल्या तर उत्तम.

आणि पहार विसरू नका. ही गोष्ट मला चुकून कळली. गेली दोन वर्षं मी आमच्या गावात हे करतोय, पुतण्या नळीचं दुसरं टोक धरतो. पहिल्या पावसाळ्यानंतर पातळी चार बोटं वर आली तेव्हा मी हरखलो, गावात दोघातिघांना सांगूनही आलो. दुसऱ्या दिवशी सहज पहारीनं उकरलं, तर ती चारही बोटं गाळाची निघाली. वाळू तिथंच होती, जिथं मे महिन्यात होती. नुसती पातळी मोजून "पुनर्भरण झालं" म्हणणारा उद्या कुणी आला, तर त्याच्या हातात पहार द्या. मूठभर वर काढा, मामांसारखी तळहातावर चोळा, बाटली भरा.

दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी असलेली वही ही मोठी गोष्ट आहे. मसुदा निघाला की २१ दिवसांत तिची झेरॉक्स जोडून ग्रामसभेच्या ठरावासह हरकत देता येते. "आमची नदी वाचवा" या हरकतीला उत्तर देणं सोपं असतं. "तुमच्या अहवालात आमच्या हद्दीत इतकी वाळू दाखवलीय, आमच्या वहीत खडक लागलाय, तारीख आणि सह्या सोबत" या हरकतीला उत्तर द्यायला कुणाला तरी पात्रात उतरावं लागेल.

तुमच्यातले काही जण म्हणतील, हा शहरातला ठेकेदार, वाळू खाऊन ढेकर देऊन झाल्यावर आम्हाला शिकवतोय. बरोबर आहे. पण गावाचाही हात त्यात आहे, ते मी बोलतोच. पात्रातून काठावर वाळू आणणारे ट्रॅक्टर गावातल्याच पोरांचे असतात, हप्ते फेडायला काढलेले. यारी, म्हणजे वाळू उचलायचं यंत्र, बसवायला काठाचं रान कुणीतरी भाड्यानं देतंच. वाळूच्या ठेकेदारानं देवळाच्या सभामंडपाला दिलेल्या देणगीच्या पाट्या मी दोन-तीन गावांत वाचल्यात. पोरांना दुसरं काम नाही हे खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच दिसतं की वाळू संपलेल्या गावात ट्रॅक्टरही उभे आहेत आणि विहिरीही आटल्यात.

घरकुलाचं वेगळं. २०२५ च्या धोरणात घरकुलवाल्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत ठेवलीय. त्याला ती मिळालीच पाहिजे. पाच ब्रासनं नदी मरत नाही. त्याच्या नावावर आणखी किती गाड्या निघाल्या हे ग्रामसभेला जेवढं कळतं तेवढं कुठल्या ऑनलाइन पासला कळणार नाही. धोरणांचं म्हणाल तर २०२३ ला सरकारी डेपो आले, ६०० रुपये ब्रास, आणि २०२५ ला पुन्हा लिलाव. विकायची रीत बदलत राहते. आमच्या साइटवर त्यातल्या कुठल्याच रीतीनं रात्री अडीचची गाडी बंद झाली नाही.

मग घरं बांधायची कशानं? क्रशसँडनं, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूनं. मी गेली सहा वर्षं स्लॅब आणि कॉलमला तीच वापरतो. भारतीय मानकात, आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत, तिला रीतसर जागा आहे. गवंडी कुरकुरतात, "पाणी लय पिती, प्लास्टरला हात सरकत न्हाई." त्यात तथ्य आहे, कारण बाजारात पुष्कळदा क्रशरची कच, म्हणजे खडी पाडताना उरलेली भुकटी, क्रशसँड म्हणून गळ्यात मारतात. धुतलेली, घनाकार कणाची खरी क्रशसँड आणि ही कच यांत ज्वारी आणि कोंड्याएवढा फरक आहे. बाटलीची परीक्षा इथंही चालते.

पण क्रशसँड म्हटलं की नदी सुटली आणि प्रश्न मिटला, असं मी म्हणणार नाही. नदीतला खड्डा माळावर जातो, एवढंच. दगडाची खाण कुठल्या तरी गावाच्या शिवारात असते. तिथं सुरुंगानं घरांना तडे जातात. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या कणसांवर पांढरी भुकटी बसते, डाळिंबाचं पान राखाडी होतं. खोदून सोडलेल्या खाणीत पाणी साठतं आणि उन्हाळ्यात पोरं पोहायला उतरतात. आपल्या माळाला सरकारी कागदावर पडीक म्हणतात आणि पडीक म्हटलं की मुरूम काढायला कुणाची ना नसते. याच माळासाठी १९७९ साली नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य झालं होतं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. पुढे ते बाराशेच्या आसपास आलं. माळढोक तर आता दिसणंच दुर्मीळ. लांडगा आणि काळवीट अजून आहेत, आणि मेंढरंही त्याच गवतावर आहेत. रस्त्याला मुरूम लागतोच, पण तो माळ खरवडूनच काढायला हवा असं नाही. बुलढाण्यात महामार्गाला लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून काढला. रस्ता झाला आणि पाणीही साठलं. आपल्याकडे गाळानं भरलेले पाझर तलाव काय थोडे आहेत? खाणीला परवानगीचा विषय ग्रामसभेपुढे येईल तेव्हा दोन प्रश्न विचारा: खोली किती, आणि खोदून झाल्यावर त्या खड्ड्याचं काय करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधीही याच खनिजातून येतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीनं तो खाणीची झळ बसलेल्या भागासाठीच ठेवलाय, आणि त्यात पिण्याच्या पाण्याला प्राधान्य आहे. ज्या गावच्या विहिरी वाळूपायी आटल्या त्यांनी ठराव करून तो मागावा.

पंढरपूरच्या मंडळींना दोन शब्द वेगळे. बाकी गावांत वाळू म्हणजे पाणी आणि पैसा. तुमच्याकडे ती कीर्तनाची जागा आहे. माझी आई वारीहून येताना प्रसादाच्या पुडीत चिमूटभर वाळवंटातली वाळू बांधून आणायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची. त्याच पात्रात रात्री खोदलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि आषाढीला अनोळखी माणूस स्नानाला उतरतो. उजनीतून पाणी सुटायच्या आधी, पात्र उघडं असताना, खड्ड्यांच्या कडेला बांबू आणि लाल फडकं लावायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि पुंडलिकाच्या देवळाच्या पायरीइतकी न हलणारी खूण दुसऱ्या कुठल्या गावाला मिळणार?

मला माहीत आहे, वाळूवर बोलणारा माणूस एकटा पडतो. गावात एकट्यानं नळी घेऊन पात्रात उतरू नका. शाळेच्या मास्तरांना सोबत घ्या, सातवी-आठवीची पोरं घ्या. त्यांना पातळी, सरासरी, क्षेत्रफळ सगळं एकाच दुपारी शिकवून होतं, आणि पन्नास पोरांच्या सह्यांची वही गायब करणं अवघड जातं. आमच्या गावात पुढच्या मापाला आठवीचा वर्ग येणार आहे. बाईंनी अट घातलीय की सकाळी नऊच्या आत संपलं पाहिजे, नंतर पात्रातला खडक तापतो.

ज्यांना पहिल्यांदा नळी धरायला जोडीदार हवाय त्यांनी निरोप पाठवा. एप्रिलचे शेवटचे दोन रविवार मी साइट बंद ठेवून मोकळा आहे. नळी माझी, पहार माझी. ऑइलपेंट तेवढा गावानं आणावा, पांढरा. निळा दोन पावसाळ्यांत उडतो, अनुभव आहे.

आपला,
सोलापुरातला एक घरबांधणीवाला, मूळचा सीनाकाठचा